टापूवर जाण्यास राजी आहे काय

स्वातंत्र्य मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळी सरल्यावर, माझे मोठे बाबा अंदमानातून नागपूरला परत आले. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवीत होते, आणि त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मी पाळण्यात असताना त्यांच्या हातून माणूस मेला होता. आखाड्यातल्या कुस्तीच्या निकालावरून भांडण झालं, मोठ्या बाबांनी हाताला लागलं ते लाकूड उचललं, आणि समोरचा माणूस तिसऱ्या दिवशी इस्पितळात दगावला. मोठ्या बाबांना जन्मठेप झाली.

आमचं घर कोष्ट्यांचं. इतवारीच्या मागच्या अंगाला आमची वस्ती होती. घरात दोन माग होते, एक बाबांचा आणि एक मोठ्या बाबांचा. ते जेलात गेल्यावर त्यांचा माग वर्षभर पडून राहिला. मग त्यांची बायको, माझी मोठी आई, त्यावर बसली. आमच्यात बायका सूत उकलतात, कांड्या भरतात. माग चालवतात पुरुष. एकोणीस वर्षांची बाई मागावर बसली म्हणून वस्तीत बोललं गेलं. ती उठली नाही. पुढे व्यापारी तिच्या हातच्या काठाची लुगडी मुद्दाम मागून नेऊ लागले. मला शाळेत घातलं, नंतर मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं, ते त्या लुगड्यांच्या जोरावर. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

मोठे बाबा आले ती दुपारची वेळ होती. टांग्यातून एक पत्र्याची पेटी आणि नारळांचं पोतं उतरलं. मागून एक वाळका, काळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उतरला आणि दारातच उभा राहिला. बाबांनी ओळखलं. त्यांनी वाकून पाय धरले. आई पाणी आणायला आत धावली. मोठी आई मागावर होती. तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि धोटा फेकत राहिली. काठाची वेलबुट्टी पुरी व्हायला बोटभर राहिली होती, ती पुरी केली, मग उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसली.

पहिला महिनाभर ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. भांडण नव्हतं. मोठे बाबा ओसरीवर निजत, मोठी आई माझ्या खोलीत. तिला काही सांगायचं असलं तर ते मला सांगत, आणि ती ऐकू येईल एवढ्या अंतरावरच असे. "पोरी, तुया मोठ्या आईले म्हण, भाजीत मीठ कमी आहे." मोठी आई मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवी.

ते बोलत ती भाषाही विचित्र होती. आमची नागपुरी, पण मधूनच हिंदी, आणि मधूनच आम्हाला न कळणारा एखादा शब्द. त्यांच्या गावात बंगाली, मद्रासी, पंजाबी, ब्रह्मी, मलबारी, सगळ्या मुलखांचे जुने कैदी होते आणि आपसात हिंदी बोलत. मराठी बोलायला वीस वर्षांत त्यांना फक्त दोन माणसं भेटली होती, त्यातलं एक लवकर वारलं.

मी संध्याकाळी धड्यांची तयारी करत बसे. एकदा त्यांनी माझ्या पुस्तकातला नकाशा मागितला. बंगालच्या उपसागरात अंदमान-निकोबार म्हणून पाचसहा ठिपके होते, तीळ सांडल्यासारखे. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"हे असं गोल नाही. लांबच लांब आहे, उत्तर-दक्षिण. अन् बेट बेट काय म्हणता तुमी? तो डोंगर आहे. डोंगर समुद्रात बुडाला, वरचे शेंडे तेवढे बाहेर राहिले. आमी शेंड्यावर राहतो."

मग ते खडू मागून घेऊन ओसरीच्या फरशीवर काढू लागले. वर उत्तरेचं मोठं बेट, त्याखाली मधलं, त्याखाली दक्षिणेचं. मध्ये खाड्या इतक्या अरुंद की अलीकडून हाक मारली तर पलीकडे ऐकू यावी. पश्चिमेला दाट जंगल, तिथे मूळचे लोक राहतात, त्यांच्या हद्दीत कोणी जायचं नाही. पूर्वेला एक बेट नुसत्या राखेचं, त्यातून कधी कधी धूर निघतो. मोठी नदी एकही नाही. पाऊस वर्षातून दोन वाऱ्यांनी येतो, आठ महिने पडतो, आणि डोंगर उतरता असल्याने तेवढ्याच घाईने समुद्रात जातो. म्हणून इतकं पाऊसपाणी असून उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे हाल. खूप खाली दक्षिणेला, मोठा दर्या ओलांडून, निकोबार. तिथे नुसते नारळ आणि तिथलेच लोक. तिथल्या गावच्या मुखियाला कप्तान म्हणतात, आणि सरकारी परवान्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही.

"अन् राज्य कोणाचं? कौन्सिल आहे का तिथे?" मी विचारलं.

ते हसले. "कौन्सिल इथं नागपुरात. तिथं एकच साहेब, चीफ कमिशनर. त्याच्या हाताखाली डिप्टी कमिशनर. गावाले चौधरी. चौधरी सरकार नेमते, अन् तोही आमच्यासारखाच जुना कैदी असते. भांडण झालं त चौधरी, ढोर दुसऱ्याच्या धानात गेलं त चौधरी. जमीन कोणाचीच नाही, सगळी सरकारची. तू कसत राहिली तोपर्यंत तुई."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वर्गात शिकवलं. मुलींना फार आवडलं. पुढच्या महिन्यात शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. त्यांनी सहावीच्या वर्गात विचारलं, "अंदमान कशासाठी प्रसिद्ध आहे?" एका मुलीने सांगितलं, लाल लाकडासाठी. दुसरीने सांगितलं, लाकूड ओढणाऱ्या हत्तींसाठी. तिसरी म्हणाली, "सर, तो बुडालेला डोंगर आहे." इन्स्पेक्टर वाट बघत राहिले. काळ्या पाण्याची शिक्षा कोणीच सांगितली नाही. जाताना त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की शिक्षिकेने क्रमिक पुस्तकाबाहेर जाऊ नये. मुख्याध्यापिकेने मला बोलावून विचारलं की ही माहिती कुठून आणली. मी म्हटलं, नात्यातलं एक माणूस तिकडे नोकरीला होतं. खोटं बोलताना मला काही वाटलं नाही, याची नोंद करून ठेवते.

एका रविवारी बाबा आणि मोठे बाबा जेवायला बसले होते. आई वाढत होती, मी पाणी देत होते. मोठी आई पलीकडच्या खोलीत मागावर होती. बाबांनी सहज विचारलं, "दादा, नागपूरच्या जेलातच राहिला असता त इतका दूर तरी गेला नसता. आमी भेटाले आलो असतो."

"मी सोताच मागून गेलो," मोठे बाबा म्हणाले. "साहेबानं सगळ्याईले उभं केलं अन् विचारलं, टापूवर, म्हणजे अंदमानात, कोण जाते? तिथं तीन वर्षांनी जमीन मिळन, अन् बायको बोलावता येईन, तिच्या भाड्याचे पैसे सरकार देईन. बायको येते म्हणून मी हात वर केला. नाही त काहून जातो मी तिकडं मराले?"

ते भात कालवत पुढे म्हणाले, "मंग माया अर्जावर सरकारनं इथं कागद पाठवला. टापूवर जाण्यास राजी आहे काय? तिनं लिहून देल्लं, राजी नाही. ठीक आहे. तिची मर्जी."

माग थांबला. खटक्याचा आवाज आमच्या घरात दिवसभर इतका असायचा की थांबला की कानाला कळे. मोठी आई दारात येऊन उभी राहिली.

"कोण राजी नाही?"

हा तिचा त्यांच्याशी पहिला शब्द.

"तूच. अंगठा होता तुया."

"मले कोणी विचारलंच नाही."

मोठ्या बाबांनी ताटातून वर पाहिलं. बाबांचा हात ताटातच राहिला होता. मोठी आई त्यांच्याकडे वळली.

"भाऊजी, एकदा घरपट्टीचा कागद म्हणून माया अंगठा घेतला होता तुमी. तोच का तो?"

"आबानं सांगितलं होतं," बाबा म्हणाले. आबा म्हणजे माझे आजोबा. ते वारून पंधरा वर्षं झाली होती.

"आबाले त दिसत नव्हतं. लिहिलं कोणी?"

"मी लिहिलं."

"काहून?"

बाबा कमी बोलणारे होते. त्या दिवशी मात्र त्यांनी सरळ उत्तर दिलं. "तुमी गेल्या असत्या त एक माग बंद पडला असता. पाच माणसं होती खाणारी. माया एकट्याच्यानं होत नव्हतं, वैनी."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर ओरडेल. ती आईला म्हणाली, "त्याईले भात वाढ," आणि माझ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. माग चार दिवस बंद होता. मला आठवतं तेव्हापासून तो माग असा कधीच बंद राहिला नव्हता. सुवेर-सुतक, आजारपण यातही एखाददुसराच दिवस.

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ती ओसरीच्या पायरीवर बसली होती आणि मोठे बाबा खाटेवर. दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं. मला पाहून ती थांबली नाही.

"तिथं कोणी आहे का तुमचं?" ती विचारत होती.

"होती. तू नाही म्हटल्यावर एक बाई ठेवली. कैद्याचीच विधवा होती, ब्रह्मदेशाकडची. जपान्याईनं बेट घेतलं तवा खायाले काही नव्हतं. त्यात मेली."

"लेकरू?"

"नाही."

मोठी आई बोटांची नखं बघत बसली. मोठे बाबा म्हणाले, "सजा लढाईनंतर माफ झाली, पण जमिनीवरून मले वर्षाचीच सुट्टी आहे. डिप्टी कमिशनरच्या सहीनं आलो. वर्षात परत गेलो नाही त जमीन दुसऱ्याले देतीन. आता बंगालातून फाळणीनं उजडलेले लोक आणून राहिले तिथं, जमीन पाहिजेच आहे त्याईले."

"मंग जा."

"जातो. तुले विचारून राहिलो."

त्यानंतरचे दीड-दोन महिने ती प्रश्न विचारत राहिली, आणि प्रश्न सगळे व्यवहाराचे होते. विहीर घरापासून किती लांब? धान कोणतं होतं? साप आहेत का? जळवा आहेत, मोठे बाबा म्हणाले, पावसात पायाला चिकटतात, मीठ लावलं की सुटतात. माग आहे का कोणाकडे? नाही. चार दिवस समुद्रात जहाज हलतं म्हणतात, ते खरं का? खरं. ते काहीच लपवत नव्हते, हे माझ्या लक्षात येत होतं. आणि एक दिवस तिने विचारलं, "तिथं मले कोणी ओळखत नाही न?"

"कोण ओळखन तुले तिथं?"

"मंग मी येतो," मोठी आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात.

अर्ज मी लिहिला. इंग्रजीत, चीफ कमिशनर यांच्या सेवेत. सोबत देवी टोचल्याचा दाखला, पोलिसांचा दाखला, फोटो. आयुष्यात तिने पहिल्यांदा फोटो काढून घेतला आणि तो पाहून म्हणाली की ही बाई दुसरीच कोणीतरी आहे. अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा तिने हात मागे घेतला.

"आधी वाच."

मी वाचून मराठीत सांगितलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिने एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं की इथे काय लिहिलं आहे आणि इथे काय. मग अंगठा दिला. बाबा तिथेच बसले होते. ते उठून बाहेर गेले नाहीत, एवढं मी सांगू शकते.

नातेवाइकांनी पुष्कळ समजावलं. चाळिशी उलटलेली बाई, कैद्यांच्या मुलखात, समुद्रापलीकडे, आणि आता तर सुखाचे दिवस आलेत, पुतणी कमावू लागली आहे. मोठी आई सगळ्यांचं ऐकून घेई. परवान्याचं पत्र उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. मी आणि बाबा दोघांना स्टेशनावर पोचवायला गेलो. कलकत्त्याच्या गाडीत तिसऱ्या वर्गात खिडकीजवळ जागा मिळाली. बाबांनी तिचं गाठोडं आत ठेवलं आणि त्यात वरून एक नवं लुगडं खोचलं. त्यांच्या हातचं होतं, काठ साधा होता. "तुमच्यासारखा काठ मले येत नाही," ते म्हणाले. ती म्हणाली, "धोटा सैल फेकता तुमी, म्हणून." गाडी हलली.

तिची पत्रं तीन-चार महिन्यांनी एखादं येत. गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून हिंदीत लिहून घेई. मास्तर स्वतःची वाक्यं घालत असावेत, कारण काही मजकूर फारच सभ्य असे. पण मधूनच एखादी ओळ तिची वाटे. जहाजात तिसऱ्या दिवशी मी मेले असं वाटलं. इथे मातीला भेगा पडत नाहीत. शेजारी बंगाली कुटुंब आलं आहे, त्यांना सरकारने जमीन आणि बैलजोडी दिली, पण बैल कसे हाकायचे ते त्या माणसाला येत नाही, तो पूर्वी शिंपी होता. सुपारीची झाडं लावली. चौधरीशी पाण्याच्या पाटावरून भांडण झालं, मी बरोबर होते. सही म्हणून खाली अंगठा.

मी ही पत्रं जपून ठेवली आणि वर्गात त्यांचा उपयोग केला, तोपर्यंत इन्स्पेक्टर बदलले होते.

सहा-सात वर्षांनी मोठे बाबा तापाने गेले. पत्र आम्हाला महिन्याभराने मिळालं. त्यात सुतकाचं कमी आणि जमिनीचं जास्त होतं. जमीन तिच्या नावावर करायची तर ती त्यांची लग्नाची बायको असल्याचा पुरावा पाहिजे होता. तिथल्या दप्तरात मोठ्या बाबांच्या नावापुढे ती मेलेली ब्रह्मी बाईच नोंदलेली होती. लग्न लावणारे भटजी कधीच वारले होते. त्या वर्षात आमच्याकडेही सगळा घोळ होता. नागपूरची राजधानी गेली, सेक्रेटरिएटातले कागद काही भोपाळला, काही मुंबईला चालले होते, आणि ज्या कचेरीत जावं तिथे कारकून म्हणे, आता हे आमच्याकडे नाही.

बाबा साठीला आले होते, दम्याने हैराण. तरी ते कचेरीत पाच-सहा खेपा गेले. शेवटी मॅजिस्ट्रेटपुढे त्यांनी शपथेवर लिहून दिलं की ही बाई माझ्या थोरल्या भावाची लग्नाची बायको, लग्नात मी हजर होतो. मॅजिस्ट्रेटने विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का. बाबा म्हणाले, "आहे." आणि त्या खोट्या कागदाची हकीकत त्यांनी सांगितली. मॅजिस्ट्रेट म्हणाले की त्याची या कामात जरूर नाही, आणि ते लिहून घेतलं नाही. घरी येताना बाबा टांग्यात म्हणाले, "त्यानं लिहून घेयाले पाहिजे होतं."

जमीन तिच्या नावावर झाली. पत्रात तेवढंच होतं, आणि या वर्षी धान चांगलं आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ती मोतीबिंदू काढायला नागपूरला आली, एकटी. जहाज, मग कलकत्ता, मग गाडी, सगळं विचारत विचारत. पौषाचे दिवस होते. बेटावर थंडी नावाचा ऋतूच नाही, त्यामुळे तिला आमची थंडी सोसेना. बाबांचं घोंगडं पांघरून ती दिवसभर उन्हात बसे आणि ऊन सरकलं की आपणही सरके. हिंदी मिसळलेली मराठी बोले, अगदी मोठे बाबा बोलत तशी. डोळ्याची पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा ती मागाकडे गेली. तिचा माग आता बाबांच्या चुलतभावाचा मुलगा चालवीत होता. तिने काठाला हात लावून पाहिला आणि जेवायला बसली.

बाबांनी एकदा विचारलं, "वैनी, आता इथंच राहा न. तिथं एकट्या काय करान?"

"एकटी कुठं आहो? शिंप्याचं घर आहे शेजारी. त्याची पोरगी रात्री निजाले येते मायाजवळ." मग म्हणाली, "अन् सुपाऱ्या उतरवाच्या राहिल्या. जास्त दिवस ठेवल्या त पडतात, पानी लागून सडतात."

माघ संपायच्या आत ती निघून गेली.